विश्वासणाऱ्याचा अधिकार: नवीन माणसाने सुरुवात कुठून करायची

नवीन बाप्तिस्मा झालेली मंडळी एक वाक्य फार लवकर ऐकतात, "तुला प्रभूने अधिकार दिलाय, तो वापर." पण वापर म्हणजे नक्की काय कर हे कुणी बसून सांगत नाही. मग होतं काय, अर्धे लोक समजतात की हे सगळं पाळकसाहेबांचं किंवा फादरचं काम, आपण आपलं आमेन म्हणायचं, आणि उरलेले पहिल्याच महिन्यात यूट्यूबवर बघून बघून घरात मोठमोठ्याने सैतानाला "बांधतो, जाळतो, पाडतो" सुरू करतात आणि शेजारी दार वाजवतात. हा लेख दोघांसाठी आहे. बायबल जवळ ठेवा, मी वचनांचे संदर्भ देत जातो, पण माझ्यावर विसंबू नका, प्रत्येक ठिकाणी मागच्या-पुढच्या दहा-बारा ओव्या तरी स्वतः वाचा कारण या विषयात अर्धं वचन तोडून वापरण्याची जितकी सवय आहे तितकी दुसऱ्या कुठल्याच विषयात नसेल.

पायरी १: आधी बघा की हा अधिकार मिळाला कुणाला

लूकचा ९ वा अध्याय उघडा. सुरुवातीलाच येशू बारा जणांना सगळ्या भुतांवर आणि रोग बरे करायला सामर्थ्य आणि अधिकार देतो. इथे थांबलात तर वाटेल की झालं, हे प्रेषितांचं काम. आता पान उलटून १० वा अध्याय घ्या. तिथे तो आणखी सत्तर जणांना पाठवतो (काही जुन्या हस्तलिखितांत बहात्तर आहे त्यामुळे तुमच्या बायबलात कुठलाही आकडा असू शकतो, गोंधळू नका). या सत्तर जणांपैकी एकाचंही नाव लूकने दिलेलं नाहीये. कोण होते, काय करायचे, कुठल्या गावचे, काही नाही. आणि हेच लोक परत येऊन आनंदाने सांगतात की प्रभू, तुझ्या नावाने भुतंसुद्धा आम्हाला वश होतात.

त्यांना पाठवलं कसं तेही बघा, कारण ते आजही कामाचं आहे. जोडीने पाठवलं, एकटं नाही. पैशाची पिशवी नाही, झोळी नाही, जोडे नाहीत. एका घरात राहा, समोर ठेवतील ते खा, आजाऱ्यांना बरं करा. आणि गावाने स्वीकारलं नाही तर? तर पायाची धूळ झटकून पुढे निघा. म्हणजे अधिकार असूनसुद्धा कुणावर जबरदस्ती करायची परवानगी नव्हती, समोरच्याने नाही म्हटलं की विषय संपला.

मग प्रेषितांची कृत्ये. फिलिप्प बघा, तो मुळात जेवणाच्या वाटपाची व्यवस्था बघायला निवडलेल्या सात जणांपैकी एक (अध्याय ६), आणि अध्याय ८ मध्ये तोच शोमरोनात जाऊन प्रचार करतोय, लोक बरे होतायत. दमास्कसचा हनन्या बघा, अध्याय ९, त्याच्याबद्दल तिथे फक्त एवढंच म्हटलंय की तो एक शिष्य होता. मंडळीतला (म्हणजे चर्चमधला) हा साधा माणूस, आणि त्याने हात ठेवल्यावर शौलाची (पुढचा प्रेषित पौल) दृष्टी परत आली. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे तंबू बनवणारं जोडपं, त्यांनी अपुल्लोसारख्या विद्वान वक्त्याला घरी नेऊन नीट समजावून सांगितलं (१८:२६).

एक गंमत बघा. प्रत्येक वेळी याला आक्षेप कोण घेतं? गणना ११ मध्ये एलदाद आणि मेदाद छावणीत भविष्यवाणी करायला लागले तर यहोशवा म्हणतो, मोशे, त्यांना थांबव. मोशे म्हणतो तू माझ्यासाठी कशाला जळतोस, परमेश्वराचे सगळेच लोक संदेष्टे असते तर किती बरं झालं असतं. मार्क ९:३८ मध्ये योहान तक्रार करतो की एक जण तुझ्या नावाने भुतं काढत होता पण तो आपल्यातला नव्हता म्हणून आम्ही त्याला मना केलं, आणि येशू म्हणतो मना करू नका. पुढाऱ्याच्या जवळच्या लोकांनाच जास्त त्रास होतो, तेव्हाही आणि आताही.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर पुणे जिल्ह्यातल्या केडगावचं घ्या. जानेवारी १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनमधल्या मुलींना रोज एकत्र प्रार्थना करायला बोलावलं आणि सुमारे सत्तर जणी तयार झाल्या, जूनपर्यंत हा आकडा साडेपाचशेच्या आसपास गेला. यातल्या कितीतरी मुली दुष्काळातून वाचवून आणलेल्या, कुणी बालविधवा, समाजाने ज्यांना मोजलंच नव्हतं अशा. त्याच वर्षी तिथे मोठं संजीवन (आध्यात्मिक जागृती) झालं आणि या मुलींच्या तुकड्या आजूबाजूच्या गावांत जाऊन प्रार्थना करू लागल्या. त्यांच्याकडे ना पदवी ना दीक्षा.

मंडळ्यांमध्ये यावर फरक आहेत ते पण माहीत असू द्या. १ पेत्र २:९ मध्ये सगळ्या विश्वासणाऱ्यांना राजकीय (म्हणजे राजाचे) याजकगण म्हटलंय, आणि हे शब्द निर्गम १९:६ मधून आलेत. १५२० मध्ये धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने यावरच मोठा जोर दिला. कॅथलिक चर्चही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६४ मध्ये, बाप्तिस्मा झालेल्या सगळ्यांचं सामाईक याजकपण मान्य करतं, फक्त दीक्षित याजकाचं काम वेगळं धरतं. आणि मरणाच्या दारात असलेल्या माणसाला गरज पडली तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं हे तर तिथे फार पूर्वीपासून आहे. पेंटेकॉस्टल मंडळ्यांत साहजिकच सामान्य माणसाला जास्त मोकळीक मिळते. तुम्ही कुठेही जात असाल, मूळ मुद्दा कुणीच नाकारत नाही.

पायरी २: तो अधिकार तुमचा नाहीये हे डोक्यात पक्कं करा

मत्तय २८:१८. स्वर्गात आणि पृथ्वीवर सगळा अधिकार *मला* दिला आहे असं येशू म्हणतो, आणि मग "म्हणून" तुम्ही जा. अधिकार त्याच्याकडेच राहतो, आपण त्याच्या नावात जातो.

हे समजायला बहुतेक प्रचारक ट्रॅफिक पोलिसाने हात दाखवून ट्रक थांबवल्याचं उदाहरण देतात. मला मत्तय ८ मधला शताधिपती (शंभर शिपायांवरचा रोमी अधिकारी) जास्त पटतो. तो येशूला म्हणतो की तू माझ्या घरी यायची गरज नाही, फक्त शब्द बोल, कारण मीपण दुसऱ्याच्या अधिकाराखाली आहे आणि माझ्या हाताखाली शिपाई आहेत. लक्ष द्या, त्याने सुरुवात "माझ्या हाताखाली" ने केली नाही, "मी अधिकाराखाली आहे" ने केली. म्हणूनच त्याचा शब्द चालतो. याकोब ४:७ पण असंच आहे, आपण सगळे "सैतानाला अडवा म्हणजे तो पळून जाईल" एवढंच पाठ करतो, पण त्याच ओवीचा पहिला भाग आहे देवाच्या अधीन व्हा.

आणि ज्यांना हे कळलं नाही त्यांचं काय होतं ते प्रेषितांची कृत्ये १९ मध्ये आहे. स्किवा नावाच्या यहूदी मुख्य याजकाचे सात मुलगे इफिसात "पौल ज्याची घोषणा करतो त्या येशूच्या नावाने" असं म्हणून भूत काढायला गेले. दुष्टात्मा म्हणाला येशू मला माहीत आहे, पौलाचीही ओळख आहे, पण तुम्ही कोण? आणि त्या माणसाने झडप घातली, सगळे घायाळ होऊन उघडेच पळाले. येशूचं नाव म्हणजे मंत्र नाही. ज्याचं नाव घेताय त्याची तुमची ओळख पाहिजे. मत्तय ७:२२-२३ तर याहून कडक आहे, तिथे तर भुतं निघालीसुद्धा होती, चमत्कारही झाले होते, तरी तो म्हणतो मला तुमची कधीच ओळख नव्हती.

इफिसकरांस पत्राचा १ ला अध्याय १९ व्या ओवीपासून २:६ पर्यंत आठवडाभर रोज वाचा. ख्रिस्त सगळ्या सत्तांच्या वर बसला, आणि आपण त्याच्यासोबत बसवले गेलो. एवढंच. बसवले गेलो, आपण चढून बसलो नाही.

पायरी ३: कशावर आहे, कशावर नाही

इथे मी थोडा वेळ घेणार आहे कारण सगळा घोटाळा इथेच होतो.

लूक १०:१९ मध्ये अधिकार आहे तो शत्रूच्या सामर्थ्यावर. माणसांवर नाही. नवऱ्यावर नाही, सुनेवर नाही, बॉसवर नाही, मुलीने कुणाशी लग्न करावं यावर तर अजिबात नाही. "मी येशूच्या नावात तिचं मन बांधतो" अशा प्रार्थना मी ऐकल्यात आणि मला त्या प्रार्थना वाटतच नाहीत, त्या करणी करणाऱ्याकडे जाण्याच्या जास्त जवळ आहेत, फक्त नाव बदललेलं. मार्क १०:४२ पासून वाचा, परराष्ट्रीयांचे अधिकारी लोकांवर सत्ता गाजवतात, तुमच्यात तसं नसावं, मोठा व्हायचं असेल त्याने सेवक व्हावं.

"बांधणे-सोडणे" या शब्दांचंही तसंच. मत्तय १८:१८ हे वचन भुतांसाठी म्हणून सर्रास वापरतात, पण त्याच्या आधीच्या तीन ओव्या वाचा, विषय आहे की भावाने तुझा अपराध केला तर एकट्याने जाऊन बोल, नाही ऐकलं तर एक-दोघांना घेऊन जा, मग मंडळीला सांग. म्हणजे मंडळीतल्या भांडणाचा आणि शिस्तीचा विषय. "दोघे किंवा तिघे जमले" हे लाडकं वचनही त्याच परिच्छेदातलं.

आजारपणाचं काय? प्रार्थना करायची, नक्की करायची, याकोब ५:१४ मध्ये मंडळीच्या वडिलांना बोलावून तेल लावून प्रार्थना करायला सांगितलंय आणि लगेच पुढे १६ व्या ओवीत एकमेकांसाठी प्रार्थना करा असं सगळ्यांनाच सांगितलंय, एलीयासुद्धा आपल्यासारखाच माणूस होता असं म्हणून. पण हा अधिकार म्हणजे देवाला ऑर्डर सोडणं नाही. पौलाने शरीरातल्या काट्यासाठी तीन वेळा विनंती केली, उत्तर आलं माझी कृपा तुला पुरे (२ करिंथ १२). त्याच पौलाने त्रफिमाला मिलेतात आजारी सोडलं (२ तीमथ्य ४:२०) आणि तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. पौलाचा विश्वास कमी होता असं कुणी म्हणेल का? मग तुमच्या आईचा मधुमेह गेला नाही म्हणून तिचा विश्वास कमी असं कुणी म्हणत असेल तर त्याला ही तीन वचनं दाखवा.

साप-विंचवांबद्दल एक शब्द. मार्क १६ च्या शेवटी सर्प उचलण्याचं जे आहे तो भाग, म्हणजे ९ ते २० या ओव्या, सगळ्यात जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत नाहीत, बऱ्याच बायबलांत कंसात किंवा टीपेसह छापतात. आणि पौलाला मिलिता बेटावर सापाने धरलं ते काटक्या गोळा करताना, हौसेने हात घालून नाही. साप चावला तर सरळ सरकारी दवाखान्यात जा आणि जाताना प्रार्थना करा.

पायरी ४: रोजचा सराव, आधी स्वतःवर

नवीन माणसाने सुरुवात इथून करावी असं माझं मत आहे, भुतांपासून नाही. राग, मोबाईलवर रात्री जे बघता ते, दारू, जुन्या देण्याघेण्याचा कडवटपणा. १ पेत्र ५:८-९ मध्ये गर्जणाऱ्या सिंहाविरुद्ध, म्हणजे सैतानाविरुद्ध, उभं राहायला सांगितलंय ते याच ठिकाणी. इफिस ६ मधली शस्त्रसामग्री एकदा मोजून बघा, सत्य, नीतिमत्त्व, शांतीची सुवार्ता, विश्वास, तारण, देवाचं वचन, आणि सगळ्याच्या शेवटी प्रार्थना. यातलं एकही ओरडून होत नाही. खोटं बिल लावणाऱ्या माणसाचा सत्याचा कमरपट्टाच सुटलाय, तो तलवार फिरवून काय करणार.

प्रार्थना कशी करायची हे विचारतात म्हणून लिहितो. साधी, बोलीभाषेत. सकाळी असं म्हणा: "प्रभू, मी तुझ्या अधीन आहे. काल मी अमुक केलं, क्षमा कर. आज या मोहापुढे मी तुझ्या नावात उभा राहतो, मला त्याची गुलामी नको. माझं घर तुझं आहे." मोह आला की त्याच क्षणी, मोठ्याने म्हणायला जागा नसेल तर मनात, "येशूच्या नावात, नाही." आणि उठून जागा बदला. जागा बदलणं हा प्रार्थनेचाच भाग धरा, योसेफ पोटीफरच्या घरातून पळालाच होता.

पवित्र शास्त्रातल्या आज्ञा किती छोट्या आहेत बघा. पेत्र सुंदर नावाच्या दरवाजाजवळ पांगळ्याला एका वाक्यात सांगतो, नासोरी येशू ख्रिस्ताच्या नावाने चाल. पौल फिलिप्पैत भूत लागलेल्या दासीच्या बाबतीत एकच वाक्य बोलतो. तासभर आरडाओरडा, माइकचा इको, हे कुठून आलं देव जाणे. आणि सैतानाला शिव्या घालायची ज्यांना हौस आहे त्यांनी यहूदाच्या पत्राची ९ वी ओवी वाचावी, आद्यदेवदूत मीखाएलसुद्धा निंदा करत नाही, फक्त "प्रभू तुला धमकावो" म्हणतो.

पायरी ५: दुसऱ्यासाठी प्रार्थना करताना

एक-दोन महिने स्वतःवर सराव झाला की मग घरगुती प्रार्थनेत, कॉटेज मीटिंगमध्ये दुसऱ्यासाठी करा. आधी विचारा, "तुमच्यासाठी प्रार्थना करू का? हात ठेवला तर चालेल का?" नाही म्हटलं तर नाही. जोडीने जा, सत्तर जणांसारखं. बाईसाठी बाईनेच हात ठेवलेला बरा. ढकलू नका, माणूस पडला म्हणजे काम झालं असं काही नसतं. "देव मला सांगतोय की तू..." असं नवीन माणसाने तरी बोलू नये. गोळ्या बंद करा असं कधीही, कुणालाही सांगायचं नाही, बरं वाटलं तर डॉक्टरच तपासून डोस कमी करतील. आणि पैसे घ्यायचे नाहीत. मत्तय १०:८, फुकट मिळालं फुकट द्या. शिमोन जादूगाराने हे सामर्थ्य विकत मागितलं तेव्हा पेत्र काय म्हणाला ते कृत्ये ८ मध्ये आहे, सौम्य नाहीये.

पायरी ६: "हिला बाहेरचं लागलंय" असं कुणी म्हणालं तर

घाईने निदान करू नका. मत्तय ४:२४ मध्ये भूतग्रस्त, फेफरेकरी आणि पक्षघाती असे तीन वेगळे गट दिलेत, म्हणजे त्या काळीही सगळ्याला एकच कारण लावत नव्हते. मत्तय १७ मध्ये भूत आणि फेफरं दोन्ही एकत्र आलेलं दिसतं हेही खरं, पण ते येशूला कळलं, तुम्हाला पहिल्या भेटीत कळेल असं नाही. झटके, झोप न लागणं, आवाज ऐकू येणं, बाळंतपणानंतर बदललेली बाई, आधी डॉक्टर. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे आणि मराठीत बोलतात. सोबत शांत प्रार्थना चालू ठेवा, दोन्हीत काही भांडण नाही.

बांधणं, मारणं, केस ओढणं, मिरचीची धुरी, उपाशी ठेवणं, हे शास्त्रात कुठेही नाही, आणि महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली भूत काढायच्या नावाने बांधून ठेवणं, मारहाण करणं, साप-कुत्रा-विंचू चावल्यावर डॉक्टरकडे जाऊ न देणं हा गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षं शिक्षा. कायदा सगळ्या धर्मांना सारखाच, मंडळीचा बोर्ड लावला म्हणून सूट नाही. कॅथलिक असाल तर विधिवत भूत काढणं बिशपची खास परवानगी असलेल्या याजकाशिवाय कुणी करत नाही, तुम्ही धर्मग्रामाच्या फादरना सांगा आणि स्वतः माळेची प्रार्थना करा. बाकी मंडळ्यांतही वडीलधाऱ्यांशिवाय नवीन माणसाने यात एकट्याने पडू नये.

पायरी ७: तपासण्याचा अधिकार

हा कुणी शिकवत नाही, का ते समजून घ्या. १ योहान ४:१ म्हणतं प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका, पारखा. १ थेस्सल ५:२१, सगळ्याची पारख करा. बिरुया शहरातल्या लोकांनी तर पौलाचंही बोलणं रोज शास्त्रात तपासलं आणि लूक त्यांचं कौतुक करतो (कृत्ये १७:११). आणि हे सगळं सामान्य विश्वासणाऱ्यांना लिहिलंय.

याच्या विरुद्ध तुम्हाला एक वचन ऐकवतील, "माझ्या अभिषिक्ताला हात लावू नका", स्तोत्र १०५:१५. ते वचन अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्याबद्दल आहे, परदेशातून फिरताना राजांनी त्यांना इजा करू नये म्हणून. प्रश्न विचारू नका असं तिथे काहीच नाही. आणि अभिषेक कुणाला? १ योहान २:२० आणि २७ वाचा, तिथे तो सगळ्या विश्वासणाऱ्यांनाच आहे. गलती २:११ मध्ये पौल पेत्राला तोंडावर अडवतो, तेही सगळ्यांसमोर.

विचारायचं कसं, तर आदराने, आधी खाजगीत. "पाळकसाहेब, काल तुम्ही जे सांगितलंत ते मला या ओवीत बसत नाही, जरा समजावाल का?" चांगला पाळक बसवून चहा पाजून समजावतो, कधी कधी म्हणतो बघतो रे मी पण परत. पैशाचंही विचारा. पौलाने देणगीचे पैसे नेताना मुद्दाम दुसरे विश्वासू लोक बरोबर घेतले, कुणी दोष ठेवू नये म्हणून (२ करिंथ ८:२०). प्रश्नाला उत्तर म्हणून शाप मिळाला, किंवा तुझ्यात बंडाचा आत्मा आहे असं ऐकायला मिळालं, तर घाबरू नका, दोन-तीन जाणत्या विश्वासणाऱ्यांशी बोला, आणि तरी तेच चालू असेल तर दुसरी मंडळी शोधा. सापडेपर्यंत घरातली रोजची प्रार्थना चालू ठेवा, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.